डीएपी खत टाकूनही स्फुरद (फॉस्फरस) कमीच?

कोरडवाहू_गडी: काळी, चुनखडीची जमीन, सामू (pH) 8.4. हरभऱ्याला दरवर्षी डीएपी देतो, तरी माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद कमीच. जातो कुठं?

बांधावरचा: जात नाही भाऊ, चुन्याला धरून बसतो. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, बियाण्याला लावा. मुळांच्या स्रावावर हे जिवाणू जगतात, सेंद्रिय आम्लं सोडतात. कॅल्शियमची पकड सुटते नि स्फुरद मुळांना मिळतो. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, सावलीत वाळवून लगेच पेरा.

कोरडवाहू_गडी: मागच्या साली लावलं होतं. काडीचा फरक नाही.

बांधावरचा: बुरशीनाशकात कालवलं? की पाकीट उन्हात राहिलं?

कोरडवाहू_गडी: दोन्ही 😅

बांधावरचा: मग मेलेच की बिचारे! आधी बुरशीनाशक, वाळल्यावर शेवटी जिवाणू. अन् शेणखत घाला, उपाशी पोटी कोण राबतं? डीएपी मात्र एकदम बंद करू नका.