मदत हवी आहे: लिंबाचं तेल दाबून काढलेलं की वाफेचं, कसं ओळखू?

मंडळी, भुसावळला राहतो. आईची मान-पाठ चोळायला तिळाच्या तेलात लिंबाचं इसेन्शियल ऑइल घालायचंय. दुखणं जाईल अशी आशा नाही, पण त्या वासानं तिला तरतरी येते. डिफ्युझरमध्ये (खोलीत वास पसरवायचं यंत्र) वापरतोच, तिथे प्रश्न नाही.

प्रश्न उन्हाचा. साल दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात, असं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजू शकते. वाफेवर काढलेल्यात ही भीती जवळपास नसते. आई पहाटेच केळीच्या बागेत जाते आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन काय सांगायचं! रात्री लावलं तरी १२ ते १८ तास ऊन टाळायला सांगतात, ते तिला जमणार नाही. गोड संत्र्याच्या तेलाला हा धोका नाही, माहीत आहे, पण तो वास तिला नको.

बाटलीवर फक्त 'सिट्रस लिमॉन (म्हणजे लिंबाचं शास्त्रीय नाव), १००% शुद्ध'. दुकानदार म्हणे, "ओरिजिनल आहे भाऊ." कागदावर थेंब टाकला तर फिकट पिवळा डाग राहिला, म्हणजे दाबून काढलेलं असावं. पण रंग काय, मिसळताही येतो.

घरी खात्रीनं ओळखता येतं का? नसेल तर कंपनीकडे नेमका कोणता रिपोर्ट मागू, आणि त्यात काय बघू?