काळ्या मातीवर 1200 लोकांची तात्पुरती गॅलरी: पाय कशावर टेकवायचे?

महालचा बिछायतवाला

नमस्कार मंडळी. आमचं बिछायत केंद्र वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. लग्नाचे मांडव, गणपतीचे पेंडॉल, सभेचं स्टेज, हे सगळं हातचं काम आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे नागपुरात टेनिस बॉल क्रिकेटची मोठी स्पर्धा होऊन राहिली आणि आयोजकांना 1200 लोक बसतील अशी दहा पायऱ्यांची गॅलरी पाहिजे. पाईप, कपलर (पाईप जोडायचे क्लॅम्प), जॅक (पाय खाली-वर करायचे स्क्रू) माझ्याकडे आहेत, माणसंही आहेत. तरी मी अजून हो म्हटलेलं नाही.

दोन वर्षांआधी ऑक्टोबरात एका कार्यक्रमाला मी अशीच, पण सहा पायऱ्यांची गॅलरी लावली होती. आदल्या रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम रंगात आलेला, मी सवयीनं मागून चक्कर मारली, तर शेवटच्या रांगेचा एक पाय चार बोटं खाली गेलेला. पायाखालच्या लोखंडी प्लेटच्या कडेनं काळा चिखल वर येत होता. वर टाळ्या पडल्या की त्यात बुडबुडा यायचा. त्याच पायाच्या बरोबर वर एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मी गाजावाजा न करता मागच्या दोन रांगा उठवल्या, लोकांना समोर सतरंजीवर बसवलं. कोणाला खरचटलंही नाही. पण तो बुडबुडा मला अजून दिसतो.

म्हणून 2024 च्या टी-20 विश्वचषकातलं न्यूयॉर्कचं तात्पुरतं नासाऊ काउंटी स्टेडियम डोक्यातून जात नाही. आयझेनहॉवर पार्क, म्हणजे साधी बाग. जानेवारीत आराखडा जाहीर झाला, मेच्या मध्यात 34,000 लोकांचं स्टेडियम उभं. 3 ते 12 जून आठ सामने झाले आणि लगेच खोलायला घेतलं. गॅलरीचा मोठा भाग लास वेगासच्या फॉर्म्युला वन शर्यतीत वापरलेला होता. म्हणजे तेही आमच्यासारखंच, जोडायचं, खोलायचं, दुसरीकडे न्यायचं सामान. मग नागपूरच्या मातीवर मी काय काळजी घ्यावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

धरमपेठेतला स्ट्रक्चरल इंजिनीअर

भाऊ, आधी हिशेब बघा. गर्दीच्या जागेला आपल्याकडे आयएस 875 या बांधकामाच्या भाराच्या भारतीय कोडाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 500 किलो भार धरतात. तुमच्या एका पायाकडे 3 चौरस मीटर येत असेल तर झाले 1500 किलो. तुमची बेस प्लेट 15 बाय 15 सेंटिमीटरची असणार, म्हणजे 225 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोच्या वर दाब. ओली काळी माती याच्या दशांशालाही घाबरते. आता त्याच पायाखाली 25 सेंटिमीटर रुंद, 120 सेंटिमीटर लांब जाड फळी द्या. दाब अर्ध्या किलोवर येतो. पाईप तोच, लोक तेच, फरक फक्त फळीचा. फळी वाकली तर हा हिशेब फसतो, म्हणून ती तीन इंचाच्या खाली नको, आणि खाली कुटलेला मुरूम हवाच.

दुसरं, लोक बसतात तेव्हा भार सरळ खाली जातो. षटकार बसला की सगळे एका तालात उड्या मारतात, तेव्हा गॅलरी आडवी हलते. ते झेलतात तिरपे पाईप, म्हणजे कैच्या. दोन्ही दिशांना कैच्या पाहिजेत. सामान कमी पडलं की आपले लोक सर्वांत आधी कैचीच गाळतात, ते अजिबात होऊ देऊ नका. वाऱ्याचंही बघा: कोडात नागपूरला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. मागच्या बाजूला जाहिरातीचं कापड ताणून बांधलं की त्याचं शीड होतं. आयोजक मागतीलच, तुम्ही नाही म्हणा.

जुना ग्राउंडवाला, सिव्हिल लाइन्स

मी आयुष्यभर रोलर फिरवला, म्हणून मातीचं सांगतो. न्यूयॉर्कला गॅलरीनं काही त्रास दिला नाही, त्रास दिला तो खेळपट्टीनं. ॲडलेड ओव्हलच्या डेमियन हॉफ यांच्या देखरेखीखाली 10 खेळपट्ट्या फ्लोरिडात ट्रेमध्ये तयार केल्या, कारण न्यूयॉर्कच्या थंडीत गवत धरत नाही. मग ट्रकनं आणून 4 मैदानात आणि 6 सरावाला बसवल्या. माणसं मेहनती होती, पण माती बसायला जो वेळ लागतो तो मिळाला नाही. पहिल्याच सामन्यात श्रीलंका 77. आयर्लंडविरुद्ध रोहित शर्माच्या दंडावर चेंडू बसला, तो मैदान सोडून गेला. खेळपट्ट्या हव्या तशा एकसारख्या खेळल्या नाहीत, हे आयसीसीनंही मान्य केलं.

तुमच्याकडे एक गोष्ट विचारून घ्या: स्पर्धेत रोज टँकरनं पाणी मारणार आहेत का? धूळ बसावी म्हणून मारतातच. ते पाणी उतारानं तुमच्या गॅलरीखाली आलं, तर नोव्हेंबरातही माती आषाढासारखी होईल. काळी माती वरून भेगाळलेली दिसली तरी आत ओल धरून असते.

न्यू जर्सीतला नागपूरकर

9 जूनला भारत-पाकिस्तान सामन्याला मी तिथं होतो. पाऊस येऊन-जाऊन होता, नाणेफेकही उशिरा झाली. आपण 119 वर आटोपलो, पाकिस्तान 113 वर थांबलं. बुमराहनं रिझवानचा त्रिफळा उडवला तेव्हा पायाखालची फळी थरथरली, ती पोटरीपर्यंत जाणवली. मी दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला. पण डुलणं असं नव्हतं, दणका आला आणि लगेच विरला. वर धरमपेठेतल्या भाऊंनी कैच्यांचं लिहिलं ते वाचून आता कळलं की तो दणका कुठं जिरला.

महालचा बिछायतवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी कुदळ घेऊन मैदानावर गेलो. वर तीन इंच मुरूम, खाली सरळ काळी माती. फूटभर खालची माती मुठीत दाबली तर लाडू वळला, इतकी ओल. काकांचं बरोबर आहे, टँकर रोज येणार आहे.

आयोजकांना सांगितलं: दहा पायऱ्या देणार नाही. सहा पायऱ्यांच्या दोन गॅलऱ्या, दोन बाजूंना, मिळून 800 लोक. इंजिनीअरची सही असलेला नकाशा पाहिजे आणि गॅलरीच्या मागं पाणी काढायला नाली. मागं कापड नाही. एक जण नाराज झाला, म्हणाला दुसरा बिछायतवाला बघतो. मी म्हटलं, बघा. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, नकाशा कधी देता म्हणून.

आज लकडगंजला जाऊन सालाच्या तीन इंची फळ्या बघून आलो. प्रत्येक पायावर मातीच्या लेव्हलला पांढऱ्या पेंटची रेघ मारणार आहे, आणि दर डावानंतर बॅटरी घेऊन खालून फिरायला दोन पोरं ठेवली आहेत. एकही रेघ दिसेनाशी झाली तर ती रांग रिकामी करायची, हे मी आयोजकांकडून कागदावर लिहून घेतलं.