मदत हवी आहे : मंगल कार्यालय आणि अभ्यासिकेला शौचालयं किती ठेवावीत?

नमस्कार मंडळी. लातूरजवळ आम्ही खाली ४०० माणसांचं मंगल कार्यालय आणि वर १२० जणांची अभ्यासिका बांधतोय. मिस्त्री म्हणतोय, बायकांना दोन आणि पुरुषांना दोन पुरे. मला ते अजिबात पटत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत सभागृहासाठी पुरुषांमागे शंभरी १, तर बायकांमागे शंभरी ३ शौचकूप धरलेत. म्हणजे २०० बायकांना ६. तरी लग्नात पंगत उठली की सगळ्या एकदमच येतात. अंगावर काठापदराची साडी, कडेवर लेकरू. त्यांना रांगेत ताटकळत ठेवणं बरं नाही.

अभ्यासिकेला कोणता हिशेब लावायचा? ऑफिसांचा धरला तर २५ पुरुषांमागे १, १५ बायकांमागे १. पण मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी दिवसभर बसतात. सोय नसली की त्या पाणीच पीत नाहीत, याची मला फार काळजी वाटते.

शिवाय पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपलं लातूर. सेप्टिक टँकचा आकार लग्नाच्या गर्दीवर धरावा की रोजच्या वापरावर? म्हाताऱ्यांसाठी कमोड किती, भारतीय किती? कुणी असं बांधलं असेल तर कृपया आकडे सांगा. पुढच्या आठवड्यात पाया आखायचाय.