मदत हवी आहे: संस्थेचे जुने कॉम्प्युटर देण्याआधी डिस्क कशा पुसायच्या?

मंडळी, खानापूर तालुक्यातल्या आमच्या पतसंस्थेचे जुने कॉम्प्युटर गावच्या मराठी शाळेला द्यायचे आहेत. आत सभासदांचे आधार, पॅन, आरटीसी (जमिनीचे) उतारे, सह्यांचे स्कॅन आहेत. लोकांनी विश्वासानं दिलेली कागदं ही, एकही बाहेर जाता कामा नये. नुसतं फॉरमॅट मारून फाइली परत निघतात हे ठाऊक आहे, ते सुचवू नका.

साध्या हार्ड डिस्कवर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून एनवाइप या डिस्क पुसायच्या प्रोग्रामनं शून्यं लिहिली, पडताळणीही झाली. त्यांची काळजी नाही.

अडलंय ते २४० जीबीच्या साटा एसएसडीपाशी (तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क). एसएसडीत वरून लिहिलं तरी राखीव भागात जुना डेटा उरू शकतो, म्हणून सिक्युअर इरेज (एसएसडीला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारी आज्ञा) करायचं होतं. पण ही आज्ञा देणारं लिनक्समधलं एचडीपार्म 'फ्रोझन' दाखवतं, म्हणजे एसएसडी ही आज्ञा घेतच नाही. मशीन स्लीपमध्ये घालून जागं केलं, तरी तेच. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इरेजचा पर्याय नाही, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) कधीच चालू नव्हतं. एसएसडी शाळेला हवीच, त्यामुळे फोडता येत नाही.

दुसरी, ५०० जीबीची डिस्क टक्‌टक्‌ करते, बायोसला दिसतच नाही. ती भंगारातच जाणार.

बेळगावच्या एका दुकानात "ठेवून जावा, करून देतो" म्हणाले, पण डिस्क नजरेआड करायची संचालकांची तयारी नाही.

तर, मशीन चालू असताना एसएसडीची पॉवर केबल काढून परत लावली तर फ्रोझन सुटतं म्हणतात, त्यात एसएसडी जळायचा धोका किती? आणि टक्‌टक्‌ करणाऱ्या डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलनं भोकं पाडली तर पुरे, की तबकड्या काढून तोडायलाच हव्यात?