मुर्मान्स्क बंदर हिवाळ्यात गोठत का नाही?

नकाशावेडा : रशियातील अर्खांगेल्स्क बंदर सुमारे साडेचौसष्ट अक्षांशावर असूनही हिवाळ्यात गोठते, आणि त्याहून बरेच उत्तरेला, जवळजवळ ६९ अंशांवर असलेले मुर्मान्स्क मात्र बारमाही खुले राहते, हे कसे? शिवाय इतक्या उत्तरेला एवढे मोठे शहर वसवण्याचे कारण काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

भूगोलाचा शिक्षक : अटलांटिकमधील उष्ण प्रवाहाची एक शाखा नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकत बारेंट्स समुद्रात शिरते आणि तिच्यामुळे मुर्मान्स्क ज्या कोला खाडीवर वसले आहे, तिच्यातून जहाजांची ये-जा हिवाळ्यातही सुरू राहते. अर्खांगेल्स्क श्वेत समुद्रावर आहे, आणि त्या समुद्राचे मुख अरुंद असल्याने ही ऊब तिथे पोहोचत नाही. त्यात अर्खांगेल्स्कजवळ द्विना नदीचे गोडे पाणी मिसळते, आणि कमी खारट पाणी लवकर गोठते. मुर्मान्स्कचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते, तर जवळपास त्याच अक्षांशावरच्या सायबेरियातील नोरिल्स्कला ते उणे २५ च्याही खाली जाते. अक्षांशावरून हवामान ठरवू पाहणाऱ्यांनी ही दोन शहरे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

जुना दर्यावर्दी : शहर वसले ते पहिल्या महायुद्धामुळे. बाल्टिक आणि काळा समुद्र हे दोन्ही मार्ग शत्रूने रोखल्यावर मित्रराष्ट्रांकडून येणारी रसद उतरवण्यासाठी न गोठणारे बंदर हवे होते, म्हणून घाईने लोहमार्ग टाकला गेला आणि १९१६ मध्ये ‘रोमानोव्ह-ना-मुर्माने’ या नावाने शहराची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी राजेशाही कोसळली आणि राजघराण्याचे ते नावही गेले. दुसऱ्या महायुद्धातही मित्रराष्ट्रांचे जहाजतांडे इथे येत, त्यामुळे शहराने जबर बॉम्बवर्षाव सोसला. आज अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजांचा तळ इथे आहे. त्यांपैकी पहिले, १९५९ मध्ये सेवेत आलेले ‘लेनिन’, आता संग्रहालय म्हणून धक्क्याला उभे आहे.

नकाशावेडा : आभारी आहे. मग बंदर इतके महत्त्वाचे असताना लोकसंख्या का घटते आहे? आणि ध्रुवीय रात्रीत व्यवहार कसे चालतात?

भूगोलाचा शिक्षक : ध्रुवीय रात्र डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या सुमारे ११ तारखेपर्यंत असते, तथापि सूर्य दुपारी क्षितिजाच्या फारसा खाली नसल्याने काही तास संधिप्रकाश मिळतो. शाळा, कचेऱ्या आणि धक्क्यावरील मालाची चढउतार नेहमीप्रमाणे चालू असतात. अनेकांना अंधारापेक्षा उन्हाळ्यातील न मावळणारा सूर्यच झोपेसाठी अधिक त्रासदायक वाटतो.

लोकसंख्येबाबत सांगायचे तर १९८९ मध्ये ती सुमारे ४ लाख ६८ हजार होती, ती २०२१ मध्ये २ लाख ७० हजारांवर आली. सोव्हिएत काळात उत्तरेत काम करणाऱ्यांना वाढीव पगार आणि लवकर निवृत्तिवेतन मिळे. १९९१ नंतरच्या महागाईत त्या पगाराचे मोल उरले नाही, मासेमारीचा ताफाही आक्रसला, आणि निवृत्त माणसे दक्षिणेकडे निघून गेली. बंदरातील कोळसा आणि खनिजांची वाहतूक मात्र मोठीच राहिली, पण तिच्या जोरावर लोकसंख्या टिकली नाही, कारण यंत्रांनी माल भरण्यास पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत.