सहा वर्षांच्या मुलीसाठी पाठांतर कसे निवडावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांची असून तिचे शिक्षण आम्ही घरीच करत आहोत. रोज दहा मिनिटे पाठांतराला द्यायची असे ठरवले आहे, मात्र नेमके काय पाठ करून घ्यावे याचा निर्णय होत नाही.

कविता तिला सहज पाठ होतात. यमक आले की पुढची ओळ ती स्वतःच उचलते आणि मी एखादा शब्द चुकवला तर लगेच थांबवते. पाढ्यांचे तसे नाही. सातचा पाढा ती घडाघडा म्हणते, पण मध्येच 'सात सक किती?' असे विचारले की बोटांवर मोजत पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात करते. म्हणजे तिला क्रम पाठ आहे, उत्तर नव्हे. ६ × ७ आणि ७ × ६ एकच आहेत हे तिला उमगल्यास १ ते १० च्या पाढ्यांतील १०० गुणाकारांपैकी ५५च वेगळे उरतात. तेव्हा पाढे अशा जोड्यांनी करून घ्यावेत का?

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. (त्यांचे हे प्रयोग मुख्यतः अर्थहीन अक्षरसमूहांवर होते.) म्हणून मी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी उजळणी घेते. या वयाला हे अंतर योग्य आहे का?

अर्थ न कळता केलेले पाठांतर मला पटत नाही, तरीही काही गोष्टी आधी पाठ करून अर्थ नंतर उलगडू द्यावा का, याविषयी अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.