विषय: भाचीचं रिसर्च स्टेटमेंट – कोणी वाचून देईल का?

प्रेषक: डब्लिन, ओहायो
शनिवार, ८ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाच्या हिशेबाच्या मेलांत हरवू नये म्हणून वेगळा विषय टाकून लिहिते आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी मूळची सांगलीची, आता पुण्याला आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था) पाचव्या वर्षाला आहे. इथे जीवशास्त्राच्या पीएचडीसाठी आठ ठिकाणी अर्ज करते आहे. पहिली मुदत १ डिसेंबरची. आपण काय संशोधन केलं आणि पुढे काय करायचंय हे सांगणारं रिसर्च स्टेटमेंट अर्जासोबत लागतं, त्याचा कच्चा खर्डा तिने मला पाठवलाय. मी अकाउंटिंगमधली, मला फक्त इंग्रजी बरं आहे एवढंच कळलं.

सुरुवात अशी आहे: लहानपणापासून विज्ञानाची ओढ, आजोबांना क्षयरोग झाला, तेव्हा ठरवलं की संशोधन करायचं. मग कोर्सेस, मार्क, दोन समर प्रोजेक्ट आणि शेवटी वर्षभराचा थीसिस. पोरगी फोनवर रडवेली झाली होती. म्हणते, "मावशी, माझं काम फारच छोटं आहे गं. वर्षभर नुसते जंतू मोजले. पेपरही नाही." तिकडच्या एका कन्सल्टन्सीने चाळीस हजारांत सगळं लिहून देऊ म्हणून सांगितलंय आणि बहीण पैसे भरायला निघाली आहे. भरावेत का? आपल्यात कोणी या क्षेत्रातलं असेल तर एकदा नजर टाकाल का?


प्रेषक: सिनसिनाटी
रविवार, ९ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

पैसे अजिबात भरू देऊ नका. बहिणीला आजच फोन करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी इथे मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि आमच्या विभागाच्या प्रवेश समितीवर बरीच वर्षं आहे. तुम्ही खर्डा पाठवलात तो काल रात्री दोनदा वाचला. पहिलं पान वाचताना माझ्या हातात पेन्सिल होती, पण कुठेच खूण करावीशी वाटली नाही, कारण ते पान कोणाचंही असू शकतं. दुसऱ्या पानावर मधेच एक अर्धं वाक्य आहे: गुठळ्यांच्या अडचणीवर मात करून मोजणी पूर्ण करण्यात आली. तिथे मी थांबले. ही कसली अडचण? मात कोणी केली? कशी? मग राहवेना, म्हणून तिलाच मेल करून चार प्रश्न विचारले. सकाळी उठते तो दीड हजार शब्दांचं उत्तर आलेलं. आधी मराठीत, मग घाईघाईने इंग्रजीत. ताई, खरं स्टेटमेंट त्या उत्तरात आहे.

यादीवरच्या सगळ्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. ती काम करते मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर. हा क्षयाच्या जंतूचा सौम्य भाऊबंद. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, याला तीनेक तास, म्हणून साध्या प्रयोगशाळेत यावर काम करता येतं. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं औषध दिल्यावर किती जंतू तगतात हे तिला मोजायचं होतं. औषध देण्याआधी थोडा नमुना प्लेटवर पसरायचा, दिल्यानंतर पुन्हा पसरायचा, तीन-चार दिवसांनी वसाहती, म्हणजे जंतू वाढून डोळ्यांना दिसू लागणारे ठिपके, मोजायच्या. ऐकायला सोपं. पण तिचे आकडे एकदा आले की पुन्हा तसे यायचेच नाहीत. दोन महिने तिला वाटत होतं की औषधच खराब होतंय. नवं मागवलं, अंधारात ठेवलं, तरी तेच.

मग एका संध्याकाळी तिने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. या जंतूंच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, ते एकमेकांना चिकटतात. जंतू वाढवायच्या माध्यमात ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य घातलं होतं, तरी गुठळ्या होत्याच. आणि इथे तिच्या लक्षात जे आलं ते मला फार आवडलं. शंभर जंतूंची एक गुठळी प्लेटवर पडली तर तिची वसाहत एकच उठते. औषधाने त्यातले नव्याण्णव मारले आणि एकच उरला, तरी वसाहत एकच. म्हणजे आधी एक, नंतर एक, आणि कागदावर सगळेच्या सगळे वाचले! तिचे निम्मे "तगलेले" जंतू मोजणीच्या चुकीतून आलेले होते. मग तिने तोच नमुना बारीक सुईतून पुन्हा पुन्हा ओढून सुटा केला, आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडले आणि आता तिला प्रश्न पडलाय की ही मोजणीतली चूक वजा केल्यावरही गुठळीतले जंतू जास्त तगतात का, आणि तगत असतील तर औषध आत पोहोचत नाही म्हणून, की आतले जंतू वाढायचेच थांबलेले असतात म्हणून.

हे छोटं काम? यात निरीक्षण आहे, शंका आहे, स्वतःचीच मोजणी चुकीची असू शकते हे मान्य करायचं धैर्य आहे आणि पुढचा प्रश्न आहे. समितीत आम्ही नेमकं हेच शोधत असतो. पेपर असला तर चांगलंच, पण बावीस वर्षांच्या मुलीचं पेपरात दहा नावांतलं सातवं नाव मला तिच्या डोक्याबद्दल फारसं काही सांगत नाही. तो सूक्ष्मदर्शकाचा परिच्छेद सांगतो. आणि तिने तो एका अर्ध्या, कर्ता नसलेल्या वाक्यात पुरून टाकला होता.

हे मी वर्षानुवर्षं आपल्याकडच्या अर्जांत बघते आणि दरवेळी जीव तुटतो. "करण्यात आली", "संधी मिळाली", "मार्गदर्शनाखाली शिकायला मिळालं". "मी, मी" करू नये असं आपल्याला घरात शिकवलेलं असतं आणि आपली भाषाही त्याला सामील आहे: "मी प्रयोग केला, मी मोजणी केली" म्हटलं तरी क्रियापद प्रयोगाच्या आणि मोजणीच्या मागे जातं, "मी"कडे बघतही नाही. घरात तो गुण आहे. अर्जात मात्र वाचणाऱ्याला हे कळलंच पाहिजे की सरांनी काय सांगितलं, सीनियरने काय शिकवलं आणि तू स्वतः काय ठरवलंस. सुईची कल्पना तिला लॅबमधल्या दादाने दिली असेल तर तसं स्पष्ट लिहावं. त्याने तिचं मोल कमी होत नाही. उलट बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

कन्सल्टन्सीबद्दल एवढं रागाने का लिहिलं तेही सांगते. त्यांना शंभर जंतूंची गुठळी माहीत नाही, म्हणून ते आजोबांवर आणखी एक परिच्छेद लिहितील. बरं, निवड होत आली की जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती असतात. समोरचा प्राध्यापक तेच दोन कागद हातात धरून विचारतो, "इथे सुई का वापरलीस? त्याने जंतू मरत नाहीत हे कशावरून?" ज्याने लिहिलंय त्यालाच उत्तर येतं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या खर्ड्यालाही माझं हेच म्हणणं आहे. व्याकरण तपासून घ्या. विचार मात्र तिचाच हवा.

आजोबांचं काय करायचं? ते दुःख खरं आहे, म्हणूनच ते पहिल्या वाक्यात सजावटीसारखं लावू नये. काही विद्यापीठं, उदाहरणार्थ बर्कली, आयुष्याच्या वाटचालीबद्दल वेगळं निवेदन मागतात. आजोबा तिथे सविस्तर येऊ देत: किती महिने गोळ्या, कोण रोज द्यायचं, मधेच का थांबल्या. इथे एखादं वाक्य पुरे.

"पुढे काय करायचंय" या भागाची तिला सगळ्यात जास्त धास्ती आहे. तिला वाटतंय की पाच वर्षांचा प्रकल्प आखून द्यायचाय. तसं नाही. इथल्या जीवशास्त्राच्या बहुतेक कार्यक्रमांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवड्यांचं रोटेशन, म्हणजे आळीपाळीने काम, असतं, त्यानंतर गाइड ठरतो. आम्हाला तिने दिलेल्या वचनाचा उपयोग नाही, तिला कुठल्या जातीचे प्रश्न खुणावतात ते हवंय. मग त्या विभागातल्या दोन-तीन प्रयोगशाळांशी ते प्रश्न कुठे जुळतात ते लिहावं. नुसती नावं नकोत. मागच्या एका अर्जात एका मुलाने आमच्याकडच्या ज्या प्राध्यापकांकडे यायचंय म्हणून लिहिलं होतं, ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. त्याचं काम चांगलं होतं, वाईट वाटलं.

आणि हो, शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांनाही नवा खर्डा पाठवायला सांगा. पत्रात गाइड गुठळ्यांबद्दल भरभरून लिहितो आणि मुलीच्या स्टेटमेंटमध्ये त्याचा पत्ताच नसतो, असं झालं की वाचणारा बुचकळ्यात पडतो.

तिला म्हणावं, आधी मराठीत बोलून रेकॉर्ड कर, आजीला सांगते आहेस असं समजून. मग ऐक. जिथे आवाज चढतो तो पहिला परिच्छेद.


प्रेषक: क्लीव्हलंड
सोमवार, १० नोव्हेंबर

काकू, तुमचा मेल माझ्या अख्ख्या लॅबला समजावून सांगितला. मी इथे फिजिक्समध्ये चौथ्या वर्षाला आहे. थोडी भर घालतो, कारण यादीवर बाकीच्या विषयांची मुलंही असतील.

फिजिक्समध्ये शाखा आधी सांगावी लागते: कंडेन्स्ड मॅटर की ॲस्ट्रो, थिअरी की एक्सपेरिमेंट. "मला सगळंच आवडतं" हे आमच्याकडे चालत नाही. इंग्लंड-जर्मनीची गोष्ट आणखी वेगळी. तिकडे बऱ्याचदा ठरलेल्या प्रकल्पासाठी, ठरलेल्या गाइडकडे अर्ज असतो, त्यामुळे तिथे खरोखर पुढच्या कामाचा आराखडा मागू शकतात. एकच स्टेटमेंट सगळीकडे डकवू नका. मी ती चूक पहिल्या वर्षी केली आणि एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर केलेलं काम नव्याने लिहिलं. पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेना आहेत हे आधीच्या खर्ड्यात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. नव्यात ते काढलं आणि त्यातल्या एका अँटेनाचा डेटा मी का टाकून दिला एवढंच लिहिलं. मुलाखतीत दोघांनी तेच विचारलं.

आणि "छोटं काम" म्हणणाऱ्या तुमच्या भाचीला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची आठवण करून द्या, मावशी. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी, बटाट्यावरचं काम, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन) असतं हे दाखवलं. आणि प्रबंध अवघा चाळीस पानांचा.


प्रेषक: मेसन, ओहायो
मंगळवार, ११ नोव्हेंबर

वहिनी, फार उपयोगी माहिती. आमचा मुलगा इथेच जन्मलेला, केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने एनएसएफच्या (इथल्या सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या) फेलोशिपला अर्ज केलाय म्हणे. ती वेगळी भानगड आहे का? आम्हाला घरी काही सांगत नाही.


प्रेषक: सिनसिनाटी
मंगळवार, ११ नोव्हेंबर

भाऊजी, हो, वेगळी. ही फेलोशिप १९५२ पासून आहे आणि अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनाच मिळते, त्यामुळे सांगलीच्या मुलीला लागू नाही. त्यात दोन निवेदनं असतात: स्वतःची पार्श्वभूमी आणि उद्दिष्टं तीन पानांत, संशोधनाचा आराखडा दोन पानांत. तिथे आराखडा खरोखर नीट लागतो, जरी पुढे नेमका तोच प्रकल्प करायचं बंधन नसलं तरी. शिवाय संशोधनाची गुणवत्ता आणि समाजाला होणारा उपयोग अशा दोन्ही कसोट्यांवर बोलावं लागतं. मुलगा घरी सांगत नसेल तर त्याला विचारू नका, त्याला जेवायला आमच्याकडे पाठवा. यंदा नाही मिळाली तरी पीएचडीला लागल्यावर आणखी एकदा अर्ज करता येतो.


प्रेषक: डब्लिन, ओहायो
शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे वाचले, बहिणीची समजूत पटली. भाचीने तुमचं ऐकून आजीलाच फोनवर सगळं सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणजे तांदळात खडे किती ते मूठ उघडून बघितल्याशिवाय कळत नाही." नवा पहिला परिच्छेद तिने मराठीत मला असा वाचून दाखवला, इंग्रजी सोबत जोडलंय:

"सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दोन महिने मी जे मोजत होते ते जंतू नव्हतेच, गुठळ्या होत्या. रिफॅम्पिसिन देण्याआधी आणि दिल्यानंतर माझ्या प्लेटवर जवळजवळ तेवढ्याच वसाहती दिसत होत्या. मी आधी औषधावर संशय घेतला, मग माध्यमावर, आणि शेवटी माझ्या मोजणीवर."

ती विचारते आहे की दोन महिने वाया गेले हे असं उघड लिहू का? सर म्हणतात लिही, आई म्हणते नको. आज रात्री साडेनऊला, म्हणजे तिच्याकडे उद्या सकाळी आठला, झूमवर पाच मिनिटं बोलाल का तिच्याशी?


प्रेषक: सिनसिनाटी
शनिवार, १५ नोव्हेंबर

बोलते, अवश्य. तोवर तिला एवढं कळवा: लिही, आठवड्यासकट लिही. दुसऱ्या पानावर "आम्ही" अजून दोन ठिकाणी आहे. सुई आणि नमुन्याच्या जागी ते खरंच दोघांनी मिळून केलंय, ते तसंच राहू दे. शेवटच्या परिच्छेदातला प्रश्न मात्र तिचा एकटीचा आहे. तिथे "मी" कर.